खेड्यातल्या पोरींनी सायकल चालवायची कुठून? डांबरावरून की साइडपट्टीवरून?

धुऱ्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सायकलचा धागा दिसला की लगेच हेल्मेट, गिअर अन् पन्नास किलोमीटरच्या राइडचे फोटो टाकू नका ही आधीच विनंती. हा धागा शाळेत जाणाऱ्या पोरापोरींच्या सायकलीचा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका फाट्यावरच्या शाळेत शिकवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहत नाही. आजूबाजूच्या चार गावांतून पोरं येतात, दोन ते पाच किलोमीटरवरून. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात, आधी साडेतीन हजार होते आता पाच हजार झाले, त्यामुळं सायकली भरपूर झाल्या, शाळेच्या आवारात लावायला जागा नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण सायकल दिली अन् ती चालवायची कुठून याचा विचार कोणीच केला नाही.

आमचा रस्ता आधी खड्ड्यांचा होता. तेव्हा टिप्परवाला झक मारून वीसच्या स्पीडनं जायचा. आता रस्ता गुळगुळीत झाला, ऐंशीच्या खाली कोणी येत नाही. डांबराचे थरावर थर चढून रस्त्याची कड बाजूच्या मातीपेक्षा वीतभर उंच झाली. मागून हॉर्न वाजला की पोरगी घाबरून खाली उतरते, पुढचं चाक खाली पडतं, ती आदळते. त्याहून वाईट म्हणजे परत वर येताना. चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही, हँडल गच्च वळवलं की एकदम चढतं अन् पोरगी थेट रस्त्याच्या मधात. मागचा टिप्पर तेव्हा कुठं असतो हे तिच्या नशिबावर.

रुंदीकरणात कडुनिंब अन् बाभळी गेल्या. मार्चपासून सकाळची शाळा करतो, पण साडेअकराला घरी जाताना सावली म्हणून उरली नाही.

काही पालक आता ऑटो लावतो म्हणतात, ज्यांना परवडत नाही ते म्हणतात बारावीपर्यंत कायले शिकवायचं. तर प्रश्न असा की आपण मागायचं काय? सायकल ट्रॅक? साइडपट्टी? की दुसरा रस्ता? अन् अर्ज कोणाकडे द्यायचा?

ठेचा_भाकर

मास्तर, एकदम बरोबर जाग्यावर बोट ठेवलं तुमी. आमच्याइकडे तं याच्याहून गंमत हाय. दिवाळीच्या आधी सोयाबीन निंगते अन् अर्धा रस्ता खळं होते. लोकं रस्त्यावर सोयाबीन वाळवतेत, त्याच्या कडंनं गोटे मांडतेत, संध्याकाळी पोतं भरून नेतेत अन् गोटे तिथंच! रात्री सायकलवाला त्या गोट्यावर चढला की संपलं. त्याईले बोललं तं म्हन्तेत, मंग वाळवू कुठं, तुह्या घरात? कास्तकाराचं बी खोटं नाई ना भाऊ, खळं सिमेंटचं असतं तं तो कायले आला असता रोडवर.

अन् रेतीचे टिप्पर. ते रात्रीच चालतेत, कावून ते सगळ्याइले माहीत हाय. लाइट असा मारतेत का डोये फुटतेत. सायकलले मागं लाल काच असली तं असली नाईतर नाई.

पुणेरी_पेडल

खूप महत्त्वाचा विषय. माझ्या मते एकच उपाय आहे, वेगळा सायकल ट्रॅक, मधे कठडा घालून. जोपर्यंत सायकल आणि मोटार एकाच पृष्ठभागावर आहेत तोपर्यंत जाहिराती, रिफ्लेक्टर, जनजागृती हे सगळं वरवरचं आहे. पुण्याचा अनुभव सांगतो, ट्रॅक तुकड्या-तुकड्यात झाले, मधेच संपतात, त्यावर गाड्या लागतात, पण जिथे सलग आहेत तिथे वापरले जातात. मागणी मोठीच करा, म्हणजे निदान अर्धी पदरात पडते.

तर्री

पेडल साहेब, कठडा घालायला रस्ता असावा लागतो. मास्तरांच्या रस्त्यावरून समोरून एसटी आली तर बैलबंडी खाली उतरवावी लागते.

जेई_रिटायर

धुऱ्यावरचा सर, नोकरीभर रस्त्याचंच काम केलं म्हणून जरा सविस्तर लिहतो.

पहिलं बघा रस्ता कोणाचा आहे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग हे जिल्हा परिषदेकडे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. ग्राम सडक योजनेतून झाला असेल तर कडेला फलक असतो, त्यावर ठेकेदार, तारीख, देखभालीची पाच वर्षं सगळं लिहलेलं असतं. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला की तो फिरत फिरत सहा महिन्यांनी "आमच्याशी संबंधित नाही" म्हणून परत येतो, तिथंच निम्मे लोक थकतात.

दुसरं, साइडपट्टी. ग्रामीण रस्त्याचं डांबर साधारण ३.७५ मीटर, अन् पूर्ण रस्त्याची रुंदी ७.५ मीटर धरतात. म्हणजे कागदावर दोन्ही बाजूला जवळपास पावणेदोन-पावणेदोन मीटर साइडपट्टी आहेच! एका सायकलीला मीटरभर लागतं, म्हणजे दोन पोरी गप्पा मारत बाजूबाजूनं जातील इतकी जागा. मग ती दिसत का नाही? कारण आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यावर नुसती माती टाकून दाबली तर एका पावसाळ्यात वाहून जाते. तिथं मुरूम पाहिजे, थरानं टाकून पाणी मारून रोलरनं दाबलेला, अन् बाहेरच्या बाजूला उतार पाहिजे. पण बऱ्याच ठिकाणी बाजूच्या नालीतली तीच काळी माती उकरून वर लोटतात अन् साइडपट्टी भरली म्हणून बिल निघतं. डांबराचा नवा थर टाकला की साइडपट्टी तेवढीच वर यायला पाहिजे, हे तर सपशेल विसरलं जातं.

तिसरं, ट्रॅकचं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं (आयआरसी) सायकल ट्रॅकचं मानक आहे, आयआरसी ११, १९६२ चं, २०१५ ला सुधारलं. जुन्यात असं होतं की गर्दीच्या एका तासात ४०० सायकली अन् १०० ते २०० मोटारगाड्या असतील तर वेगळा ट्रॅक. पण गाड्या तासाला २०० च्या वर गेल्या तर १०० सायकलींना सुद्धा ट्रॅक देता यायचा. लोकांना वाटतं खेड्यात कुठं एवढ्या सायकली. अहो, दिवसभराचं नाही म्हणत ते, गर्दीच्या एका तासाचं म्हणते. तुमच्या शाळेच्या रस्त्यावर साडेनऊ ते साडेदहा मोजा. मोजायला कोणी जात नाही, अन् गेला तर दुपारी तीन वाजता जातो.

धुऱ्यावरचा

@जेई_रिटायर काका, हे "कागदावर जागा आहेच" मला माहीतच नव्हतं. धन्यवाद. आमच्याकडे त्या पावणेदोन मीटरमधे सध्या तरोटा, गाजरगवत अन् विजेचे खांब आहेत. दिवाळीनंतर सराटे पण, रोज दोनचार पंक्चर असतात शाळेत.

संत्रेवाला

वरुडकडून. मी वेगळंच सांगतो. रोडच्या मागं लागूच नका. पांदण पकडा.

प्रत्येक गावाच्या नकाशात पांदण रस्ते आहेत, जुने बंडीचे रस्ते, एका गावातून दुसऱ्या गावात वावरातून जाणारे. ते रोडपेक्षा बहुतेक वेळा जवळ पडतात. आमच्याकडे एक अशीच पांदण मोकळी केली, मुरूम टाकला, आता पोरं सगळी तिथूनच जातात, ना टिप्पर ना ट्रॅव्हल्स. २०२१ ला मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आली, त्यात रोजगार हमीतून काम धरलं होतं. अतिक्रमण असलं तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायदा १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करा, अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार त्याला आहे. आमच्याकडं एका जणानं पांदणीत संत्र्याची ओळ लावली होती, तीन झाडं निघाली, दोन वर्षं बोलला नाही आमच्याशी, आता तोच त्या रस्त्यानं संत्रं काढतो.

ठेचा_भाकर

संत्रेवाला भाऊ आयडिया झकास, पन पावसायात? पांदणीच्या गाऱ्यात सायकल घातली का चाकात अन् मडगार्डात काळी माती अशी फसते का चाक फिरनंच बंद. मंग काडी घेऊन कोरत बसा. आमी पोट्टे होतो तवा सायकल खांद्यावर घेऊन जात होतो, चप्पल हातात. पोरी कशा करतीन? मुरूम टाकला तं गोष्ट येगळी, पन तो मुरूम ट्रॅक्टरच्या चाकानं एका सालात खाली दबते.

निळी_बस

इथं सगळे भाऊ लोकच बोलत आहेत म्हणून लिहते. मी स्वतः अशाच शाळेत सायकलनं गेलेली आहे, आता माझी मुलगी नववीत आहे.

संत्रेवाला दादा, पांदण टिप्परपासून वाचवते हे खरं. पण दोन्ही बाजूला पुरुषभर तूर उभी असते, अर्धा किलोमीटर माणूस दिसत नाही, तिथून तेरा वर्षाची मुलगी एकटी जाईल का? अन् आई पाठवेल का? मोठ्या रोडवर मागून गाडी येते ही भीती, पांदणीत मागून गाडी येत नाही ही भीती. आमच्या वेळी पण गाड्यांपेक्षा फटफटीवरच्या टोळक्यानंच जास्त त्रास दिला, मुद्दाम जवळून कट मारायचा, ओढणी ओढायची. त्यात एक मैत्रीण पडली, हात मोडला, घरच्यांनी सायकल विकली. तिची शाळा तिथंच संपली. कुठल्याच अपघाताच्या आकड्यात ती नाही.

डुक्कर अन् रोही (नीलगाय) आहेतच. चंद्रपूरकडच्या लोकांना तर वाघाचं पण बघावं लागतं.

मानव विकासची शाळेच्या मुलींसाठीची निळी बस चांगली आहे पण ती एका वेळेला येते. शनिवारी शाळा लवकर सुटली की बसा फाट्यावर. म्हणून सायकल पाहिजेच, बस आहे ना मग सायकल कशाला असं कोणी म्हणू नये.

अन् तालुक्याच्या गावाबद्दल पण बोला कोणी. कॉलेजसाठी तालुक्याला जावंच लागतं. तिथं फुटपाथ आहे, नाही असं नाही, पण त्यावर पानठेला, पुढं फ्लेक्सचा खांब, पुढं कोण्या दुकानदाराची पायरी, मग पेव्हर ब्लॉक निघालेले. पायी जाणाराच फुटपाथवरून उतरून रोडवर चालतो, मग सायकलवाली त्याला चुकवायला अजून आत. सायकल फुटपाथवर घाला म्हणणाऱ्यांनी आधी तिथून आपल्या म्हाताऱ्या आईला चालवून दाखवावं.

तर्री

ताई, शेवटचं वाक्य नगर परिषदेच्या गेटवर लावा.

संत्रेवाला

ताई बरोबर आहे तुमचं, एकटीचा विचार मी केला नव्हता, आमच्याकडं वीसेक पोरं एकत्र निघतात म्हणून चालून जाते. घोळका करून जाणं हा एक भाग होऊ शकतो, शाळेनं वेळ ठरवून दिली तर. पण आजारी पडलेली एकटी मागं राहिली तर काय, हे उरतंच.

आइंडहोवनचा_वऱ्हाडी

मूळ अकोल्याचा, सध्या नेदरलँड्समधे. इथल्या खेड्यातल्या रस्त्याची गोष्ट सांगतो, कारण सगळ्यांना ॲमस्टरडॅमचेच फोटो माहीत असतात. इथं शेतामधले छोटे रस्ते असतात, स्पीड लिमिट ६०, अन् बऱ्याच ठिकाणी दोन्ही कडेला सायकलसाठी लाल पट्टे मारलेले, मधे गाडीला एकच लेन. समोरून गाडी आली तर दोघं पट्ट्यावर येऊन एकमेकांना जाऊ देतात, पण सायकल असेल तर मागं थांबतात. कठडा नाही काही नाही. मोठ्या रस्त्याला मात्र सायकल वेगळीच. हे पहिलेपासून नव्हतं. १९७१ साली इथं रस्त्यावर ३,००० च्या वर माणसं मेली, त्यात ४०० च्या वर लहान मुलं होती, मग आईबाप रस्त्यावर आले, मुलांची हत्या थांबवा म्हणून चळवळ झाली तेव्हा सुरू झालं.

जेई_रिटायर

वऱ्हाडी साहेब, कल्पना चांगली, पण ३.७५ मीटरमधे दोन पट्टे मारले तर मधे बंडी पण मावणार नाही. अन् आपल्याकडं पट्टा म्हणजे पार्किंग. तुमच्याकडं तो पट्टा चालतो कारण गाडी साठनं येते. आपल्याकडं आधी स्पीड, मग पट्टा. २०२० च्या स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षा परिषदेत पण हेच म्हटलं आहे, जिथं सायकल, पायी माणूस अन् गाडी एकत्र येते तिथं ३० चा वेग. निदान शाळेच्या अलीकडे-पलीकडे तरी.

ठेचा_भाकर

स्पीड कमी कराचा असन तं ब्रेकर टाका ना. आमच्या गावात पोट्ट्याइनं रातोरात टाकला सिमेंटचा. आता टिप्पर हळू होते, पन दुधवाला दोनदा पडला.

जेई_रिटायर

ते डेंजर काम आहे भाऊ. आयआरसी ९९ प्रमाणे ब्रेकर गोल पाठीचा, ३.७ मीटर रुंद अन् फक्त १० सेंटीमीटर उंच असतो, पंचवीसच्या स्पीडनं गाडी आरामात जाते. गावकऱ्यांचा असतो फूटभर रुंद अन् वीतभर उंच, म्हणजे भिंतच. रंग नाही, बोर्ड नाही, रात्री पहिले आदळतो सायकलवाला, कारण टिप्परचा ड्रायव्हर उंचावरून बघतो. अन् ते पांढऱ्या जाड पट्ट्यांचे रंबलर टाकतात ना, ते सायकलीच्या अंगातून निघतात, म्हणून सायकल कडेनं त्याला चुकवायला साइडपट्टीवर उतरते, अन् साइडपट्टी तर नाहीच! म्हणून रंबलर कडेला मीटरभर सोडून टाका असं अर्जात लिहा, त्याला जास्तीचा एक पैसा लागत नाही.

तर्री

२०२२ ला आपल्याच अमरावती-अकोल्याच्या मधात ७५ किलोमीटर डांबराचा रेकॉर्ड झाला, १०५ तास ३३ मिनिटांत, गिनीजमधे नाव आलं. साइडपट्टीची पण एक कॅटेगरी काढा म्हणा.

काळा_कोट

कायद्याचं थोडं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३८(१ए) आलं, त्यात बिनमोटारी वाहनं अन् पायी चालणाऱ्यांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. ऑक्टोबर २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करा म्हणून सांगितलं. अर्जात याचा उल्लेख करा, अधिकाऱ्याला तो जरा टोचतो.

त्याच दुरुस्तीतलं १९८ए आहे, रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे केली नाही तर ठेकेदार, सल्लागार, अधिकारी यांना एक लाखापर्यंत दंड. लोक हे व्हॉट्सॲपवर फिरवतात पण अर्धंच. ते लागतं मृत्यू किंवा अपंगत्व आल्यावर. म्हणजे पोरगी पडायच्या आधी त्याचा उपयोग एवढाच की तुम्ही लेखी कळवलं होतं हे रेकॉर्डवर राहतं. म्हणून तोंडी सांगू नका. अर्ज द्या, पोच घ्या, शिक्का घ्या, फोटोवर तारीख येऊ द्या.

पुणेरी_पेडल

वाचतोय. कठड्याचा आग्रह इथे लागू पडत नाही हे पटलं, पण पुलांचं काय? साइडपट्टी केली तरी नाल्यावर पूल तेवढाच अरुंद राहणार.

धुऱ्यावरचा

@पुणेरी_पेडल अगदी हाच आमचा सगळ्यात वाईट भाग आहे. शाळा अन् गावाच्या मधे एक नाला आहे, त्यावर रपटा, म्हणजे पुरात पाणी वरून जाणारा बुटका पूल. दोन्हीकडून रुंद रस्ता येतो अन् रपट्यावर एकदम आवळतो, कठडा वाहून गेला आहे, रस्ता नवा झाला तरी रपटा जुनाच ठेवला. गाडीवाला स्पीडमधे येतो, त्याला तिथं सायकलला जागा द्यायची म्हटलं तरी देता येत नाही. पावसाळ्यात पाणी वरून जातं तेव्हा पोरं थांबतात, पाणी उतरलं की वर चिखलाचा थर, त्यावर सायकल घसरते. मी पोरींना सांगितलं आहे की रपट्यावर उतरून, सायकल हातात धरून, एका मागं एक जायचं. पण हा काही उपाय नाही, माझी सोय झाली फक्त.

तुमचं सगळ्यांचं वाचून मी ग्रामसभेत ठेवायला असं लिहलं आहे: ट्रॅक मागायचा नाही. शाळेपासून दोन्ही बाजूच्या गावापर्यंत साइडपट्टी दाबलेल्या मुरमानं डांबराच्या लेव्हलला आणायची, झुडपं काढायची. रपट्याच्या दोन्हीकडे मापातला ब्रेकर, रंग अन् बोर्डासकट, आणि पुढच्या बजेटमधे रपट्याच्या जागी पूल, कडेला चालायला-सायकलीला जागा धरून. पांदणीचं वेगळा ठराव, ज्या गावच्या मुली एकत्र निघतात त्याच गावासाठी, बाकीच्यांवर लादायचं नाही. निळी_बस ताई, हे शेवटचं तुमच्यामुळं.

निळी_बस

सर, एक जोडा. ग्रामसभेत शाळेतल्या मुलींना पण बोलवा अन् त्यांनाच विचारा कुठं भीती वाटते. आपण सगळे रपटा म्हणतो, त्या कदाचित दारूच्या दुकानासमोरचा कोपरा म्हणतील.

जेई_रिटायर

वित्त आयोगाच्या पैशातला काही भाग बंधित नसतो, म्हणजे ठरावीक कामालाच लावावा असं नसतं, झुडपं काढणं, बोर्ड, रंग एवढं ग्रामपंचायत त्यातून करू शकते का ते ग्रामसेवकाला विचारा. मुरूम मात्र रस्ता ज्याचा त्याच्याकडूनच घ्या, नाहीतर उद्या म्हणतील गावानंच केला, गावानंच सांभाळा. अन् अर्जाला मोजणीचा कागद लावा, त्याशिवाय देऊ नका.

ठेचा_भाकर

मोजायले मी येतो मास्तर, चार पोट्टे आनतो, दोन्हीकून दोन-दोन बसवू वही घेऊन. फक्त मंगयवारी नका ठेवू, त्या दिवशी बाजार हाय, आकडा फुगते.

जेई_रिटायर

मंगळवारी पण मोजा अन् साध्या दिवशी पण मोजा. दोन्ही कागद वेगळे लावा. वहीत सायकल, बंडी, फटफटी, ऑटो अन् टिप्पर-ट्रक असे पाच रकाने करा, टिप्पर वेगळा दिसला पाहिजे.

धुऱ्यावरचा

ठीक. बुधवारी साडेनऊला शाळेच्या गेटवर या ठेचा भाऊ. चहा आमच्याकडून, वह्या पण.